एकही फळी फुटली नाही

शुक्रवारी दुपारी केरू पांचाळचा सत्कार होता आणि केरूला तो नको होता.

तसं त्याने कुणाला सांगितलं नाही. अल-खोबरबाहेरच्या कॅम्पात तो शटरिंगचा सुतार होता. वय छप्पन्न. त्याच्या खोलीत शार्दूल राहायचा. मराठीत एमए करून कंपनीच्या ऑफिसात कागद लावत बसायचा. त्याने वर्षभर खोदून खोदून केरूकडून त्याच्या गावच्या गोपिका नाट्यगृहाच्या गोष्टी काढून घेतल्या होत्या आणि त्यांचा लेख केला होता. नाट्यगृह पाडलं तेव्हा मी सौदीत होतो, असं केरूने त्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं.

"केरूभाव," गाडी चालवता चालवता कॅम्पातला ड्रायव्हर तौकीर म्हणाला, "शाल मिळाल्यावर आमच्याशी बोलशील ना? की डायरेक्ट कफीलशीच, मोठ्या मालकाशी?"

केरू नुसता हसला.

मराठी मंडळाच्या शर्मिलाताईंनी त्यांच्या इमारतीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मागे मुलं इंग्रजीत भांडत होती. केरूला एकट्याला खुर्ची होती. शाल खांद्यावर आली आणि शार्दूल वाचू लागला.

गोपिका आधी भाताचं कोठार होतं. एका व्यापाऱ्याने आईच्या नावाने त्याचं नाट्यगृह केलं. मोडीत निघालेल्या गलबतांचं सागवान आणून रंगमंच बांधला. आधी संगीत नाटकं झाली. मग सिनेमे आले. सिनेमे गेल्यावर लग्नं लागली, मतमोजणी झाली, आणि एक दिवस कुलूप लागलं. मधली अकरा वर्षं तिथले पडदे, दारं, जिने केरूकाकांनी सांभाळले. रंगमंचावर चढताना चपला पायरीखाली काढायच्या, फळीला हात लावून कपाळाला लावायचा, असा तिथला रिवाज होता. मोठमोठे नटही तो पाळत.

माना डोलल्या. केरू फरशीकडे बघत राहिला.

"आणि मग," शार्दूलचा आवाज चढला, "बाहेरून आलेल्या अडाणी माणसांनी पहारी घालून त्या फळ्या तोडल्या..."

"तोडल्या नाहीत."

केरूच्या तोंडून निघून गेलं. सगळे वळले.

"एकही फळी फुटली नाही. सगळ्या अखंड निघाल्या. कडेचा टवकासुद्धा उडाला नाही."

"तुम्हाला कसं माहीत, काका? तुम्ही तर इथे होतात."

ऐकलं होतं, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण त्याच्यातला सुतार आधीच बोलून बसला होता.

"मी काढल्या."

शार्दूलने हातातला कागद खाली केला.

"त्या वर्षी फायनल एक्झिट घेऊन, इथलं कायमचं सोडून गेलो होतो. आठ महिने घरी बसून. गोपिकेच्या जागी दुकानं व्हायची होती. ठेकेदाराला सागवान न फुटता हवं होतं. ती फळी न् फळी जाणणारा दुसरा कोण होता?" केरूने आपल्या पायांकडे पाहिलं. "चढलो तो इथले सेफ्टी शूज घालून. कृष्णाबाई झाडू घेऊन उभी होती. माझ्या आधीपासून रंगमंच तीच झाडायची. म्हणाली, 'केरू, पायात?' एवढंच. मी म्हटलं, 'आता कसला रंगमंच? लाकूड आहे ते.'"

"मग?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"मग काही नाही. मी पुढे सरकलो की ती मागून माझ्या बुटांचे ठसे झाडायची. झाडून झालं की मी ती फळी उचकटायचो. संध्याकाळपर्यंत. बोललो नाही दोघं."

"अहो, पोटासाठी करावं लागतं, केरूभाऊ."

"काम पोटासाठी केलं, ताई. बूट पोटासाठी नव्हते."

त्याने शाल उतरवली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

शार्दूल खाली आला तेव्हा केरू इमारतीच्या पायरीवर बसला होता. शार्दूल शेजारी बसला. त्याने लेखातलं फळ्या तोडल्याचं वाक्य खोडलं.

"तुमचं नाव घालू, काका?"

"घाल. नीट घाल. केरू धोंडू पांचाळ."

"आणि त्या बाई?" लेखात व्यापारी होता, नट होते, नाट्यगृहाच्या समितीचे तीन अध्यक्ष होते. झाडणारी बाई कुठेच नव्हती. शार्दूलने तिच्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं. त्याची मान वर होईना. "कृष्णाबाई काय? आडनाव?"

केरूने तोंड उघडलं. अकरा वर्षं त्याने तिच्या हातचा चहा प्यायला होता. तौकीरने गाडी समोर आणून लावली, हॉर्न दिला, पुन्हा दिला.

"माहीत नाही रे," केरू म्हणाला.