महांतेशचा तिसरा वॉशर

महांतेशइतका भित्रा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याइतका भरवशाचाही. उद्यमनगरात माझं लेथचं शेड आणि त्याचं गॅरेज यांच्यात एकच पत्र्याची भिंत होती. एकदा आवळलेला बोल्ट तो पुन्हा आवळायचा, वर तिसऱ्यांदा हात लावून बघायचा. मी चिडवायचो, तो कधी हसला नाही.

पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या आल्या तेव्हा बाकीच्या मिस्त्र्यांनी हात वर केले. हा मात्र स्टेअरिंगचा रॅक उघडून बसला. मला त्यानंच समजावलं: हातातलं चाक फिरवलं की आतली बारीक दांडी किंचित पिळते, तेवढ्यानं झडप उघडते, आणि पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला शिरून चाकं वळवणाऱ्या दातेरी रॅकला ढकलतं.

"तेल नुसता जोर लावतंय," तो म्हणायचा. "तेल गळालं तर स्टेअरिंग जड हुईल, पन गाडी वळंल. वळवतंय लोखंड. त्ये सुटलं की संपलं."

त्याच्या उस्तादाची एक रीत होती. स्टेअरिंग उघडलेल्या गाडीच्या पहिल्या लांबच्या फेरीत मिस्त्रीच्या घरचं माणूस बसायचं. मला हा शुद्ध आचरटपणा वाटायचा, आणि मी तसं तोंडावर सांगायचो.

२००१ सालच्या एका गुरुवारी कापडवाले सयाजीराव दुरुस्त झालेली गाडी घेऊन नृसिंहवाडीला दर्शनाला निघाले. महांतेशला दुसरं काम होतं, म्हणून त्याची बायको गंगव्वा आणि आठ वर्षांची शांभवी मागं बसल्या. पोरगी खिडकीतून हात हलवत गेली.

तासाभरानं पलीकडं पाना पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी गेलो. महांतेश टेबलाकडं बघत उभा होता. टेबलावर तीन लॉक वॉशर. दोन जुने, गाडीतून काढलेले, काळे. तिसरा कोरा.

रॅकच्या दोन्ही टोकांना चाकांकडं जाणारे रॉड आट्यांवर बसतात. ते फिरून सुटू नयेत म्हणून मध्ये हा वॉशर घालून त्याची कड ठोकून मोडतात. एका बाजूला त्यानं तो घातलाच नव्हता. तीन-तीनदा आवळण्याच्या नादात राहून गेला.

"रॉड सुटला तर एक चाक भलतीकडंच जाईल," तो म्हणाला.

सयाजीरावांकडं मोबाईल नव्हता. मी मोटरसायकल काढली. कोरा वॉशर खिशात टाकून महांतेश मागं बसला. माझा शर्ट त्यानं मुठीत इतका घट्ट धरला होता की काखेत शिवण उसवली. पुढं रस्त्यात कुठं चार माणसं गोळा झालेली दिसली की तो मागून ओरडायचा, "थांब, थांब!" एकदा उलटलेली उसाची ट्रॉली निघाली, एकदा नुसतंच भांडण. मीही घाबरलो होतो. खोटं कशाला सांगू?

वाडीत गाडी धड उभी होती. माणसं देवळात गेली होती. महांतेश तिथंच मातीत आडवा झाला, डावीकडच्या रॉडवरचं रबरी आवरण मागं सारलं आणि हात आत घातला. रॉड नुसत्या बोटांनी फिरला. दोन आटे सैल झाला होता.

सयाजीराव पेढे घेऊन आले, मागं गंगव्वा आणि शांभवी. "काय मिस्त्री, हितं? स्टेअरिंग लोण्यागत चालतंय की!"

महांतेशनं उठून सगळं सांगितलं, काही न झाकता. सयाजीरावांच्या हातातला पुडा तसाच राहिला. गंगव्वानं पोरीला जवळ ओढलं.

"अवो," ती म्हणाली, "आमी दोघी गाडीत नसतो, तरी आला असतासा काय?"

त्यानं खिशातला कोरा वॉशर काढून तळहातावर घेतला.

"आलो असतो," तो म्हणाला. "पन एवढा भ्यालो नसतो."