हात लावायचा नाही

घंटेच्या टेबलाशी बसलं की किस्से आपोआप जमा होतात. मी नववीतच शाळा सोडली. धाड गावात मंडप-साउंडचं काम करतो. तालुक्याच्या द्विपात्री अभिनय स्पर्धेत माइक लावायला गेलो होतो, तर एक सर म्हणाले, "तू बोलत नाहीस, तूच घंटा सांभाळ!"

नियम सोपे. दोघांनी समोर बघायचं, एकमेकांकडे नाही. वस्तू आणायची नाही. हात लावायचा नाही. हात लागला की घंटा, जोडी बाद!

मागच्या वर्षी मी माझ्या बहिणीचीच जोडी बाद केली. आई-मुलीच्या निरोपाचा प्रसंग होता. प्रणालीनं भान हरपून मैत्रिणीचा, शीतलचा, हात धरला. मी घंटा वाजवली. आठ दिवस ती घरी माझ्याशी बोलली नाही. यंदा दोघी दहावीत. शेवटची संधी.

*

सकाळी पहिली जोडी साखरखेर्ड्याची. थप्पड समोर हवेत मारायची, दुसऱ्यानं जागेवर कोलमडायचं. हा गडी थप्पड येण्याआधीच आडवा!

परीक्षक म्हणाले, "आधीच कसा पडलास?"

"सर, महिनाभर मारून राह्यला हा. कधी मारते ते मले पाठ झालं!"

*

वस्तू चालत नाही म्हणून एकानं चष्माही काढून माझ्या टेबलावर ठेवला. "चष्मा चालतो रे," असं मी सांगेपर्यंत तो स्टेजवर. कोपऱ्यात पांढरं कापड घातलेला पाण्याचा जार होता. त्यालाच परीक्षक समजून गड्यानं सगळा अभिनय जारापुढे केला! जोडीदाराला वळून बघायची मनाई. उतरल्यावर जोडीदारच विचारतो, "लोक काऊन हासून राह्यले होते बे?"

*

चहाच्या वेळी एक बाई म्हणाल्या, "एकमेकांकडे न बघता बोलायचं, हे कसलं नाटक?"

म्हातारे परीक्षक म्हणाले, "बाई, घरी आपण कसं बोलतो? टीव्हीकडे बघूनच ना!"

बाई हसल्या. मी मात्र त्या आठ दिवसांचा विचार करत बसलो.

*

दुपारी प्रणाली-शीतल. प्रणाली पुढे, शीतल तिच्या तिरकी मागे. प्रसंग तोच, निरोपाचा. मधेच शीतल वाक्य विसरली. माझ्या हातातल्या घड्याळात पाच सेकंद गेले, दहा गेले. प्रणालीला वळता येईना, धरता येईना. तिनं समोर बघतच आपला हात हवेत पुढे केला, तळवा उघडा. हे बसवलेलं नव्हतं. शीतलनंही समोर बघतच हात पुढे केला, मूठ घट्ट मिटली. आणि वाक्य आलं!

परीक्षक माझ्याकडे झुकले. "समोरून कळलं नाही. हात लागला का? तुझी बहीण आहे, खरं सांग."

मी बाजूला बसतो. मधली जागा मला स्वच्छ दिसत होती, चांगली हातभर.

"नाही, सर."

जिल्ह्याच्या यादीत दोघींचं नाव लागलं. संध्याकाळी एसटीत चढताना शीतल थांबली, आपल्या तळव्याकडे बघत.

"दादा, तुमी सरांले नाही काऊन म्हणलं? हात तर लागला होता मले."