एक मूठ कमी

देवी आमच्यावर कोपली, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. माझा गोपाल नरडाण्याला कंपनीत कामाला होता. एक दिवस दुपारीच घरी आला आणि म्हणाला, "आई, मशीन मला नावानं हाका मारतंय." मी हसले. ते हसणं अजून टोचतं. मग त्याची झोप गेली, जेवण गेलं, भिंतीशी भांडण सुरू झालं. सून धरणगावला माहेरी गेली ती आलीच नाही. तिला बोल लावत नाही, ती तरी काय करणार? माझे मालक आधीच वारले होते. मी गोपालला भगताकडं नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली आणि सांगितलं, याच्या अंगात बाहेरचं आहे, बांधून ठेवा, देवीच्या नैवेद्याला याचा हात लागू देऊ नका. मी ऐकलं. गोठ्यात खाट टाकली आणि बैलाच्या दाव्यानं त्याचा पाय खुंट्याला बांधला. दुसऱ्या कोणी नाही, याच हातांनी बांधला.

श्रावणात आमच्याकडं कानबाई बसते. तिच्या रोटासाठी भावकी एका घरी जमते. भावकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू सुपात पडतात. ज्याची त्यानं घालायची, कोणी हजर नसला तर त्याची आई नाहीतर बायको घालते. ते दळून देवीचा रोट होतो, तो भावकीनंच खायचा. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ असते. मेलेल्याची तेवढी नसते. सहा वर्षं मी गोपालची मूठ घातली नव्हती. कोणी विचारलंही नाही.

त्या साली आक्का आली होती. आक्का म्हणजे माझी चुलतसासू, भावकीत सगळ्यात म्हातारी, दोन्ही डोळे गेलेले. कितीतरी वर्षं ती धुळ्याला लेकीकडं होती, गोपालचं तिला कोणी कळवलं नव्हतं. तिनं सुपातल्या गव्हावरून हात फिरवला आणि थांबली.

"एक मूठ कमी शे."

धाकटी जाऊ म्हणाली, "बठ्ठास्न्या पडन्यात, आक्का."

"नही. एक पोऱ्या ऱ्हायना. कोना शे तो?"

तिला कसं कळलं, मला माहीत नाही. आंधळ्याचा हात म्हणा, देवी म्हणा. मी मान खाली घालून बसले होते. तोंडातून निघून गेलं, "मन्हा शे, आक्का."

धाकटी चवताळली. "वेड्यानी मूठ देवीना रोटमा? उद्या कोना आंगवर धावना म्हंजे?"

"तुन्हा नवरा दारू पिईसन रोज धावस," आक्का म्हणाली. "त्यानी मूठ तर तू पह्यले घाली."

बाया पदराआड हसल्या. आक्का उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाल. त्याले हात शेत ना?"

थोरल्या जावेनं सूप घेतलं, मागं सगळी भावकी, आमच्या गोठ्याकडं निघाली. वाटेत माझ्या मनात आलं, बरं झालं हिला दिसत नाही. पण आक्का खाटेवर बसली आणि तिचा हात गोपालच्या गुडघ्यावरून खाली गेला, घोट्याशी अडला. दाव्यानं तिथली कातडी जनावरासारखी राठ झाली होती.

"हाई गाठ कोनी बांधी?"

"मी."

"मंग तूच सोड."

दावं पावसाच्या ओलीनं फुगलं होतं, सुटेना. शेवटी दातानं ओढलं. सगळे दोन पावलं मागं सरले. गोपाल माझ्याकडं बघत होता. आक्कानं त्याचा हात सुपाशी नेला. त्यानं मूठ भरली आणि किती वेळ तशीच धरून ठेवली. मला वाटलं, आता भिरकावतो. पण हळूच सोडली, एक दाणा बाहेर नाही. मग पाव मूठ वर.

आक्का म्हणाली, "देवी देवीनं काम करस, डागदर डागदरनं. याले धुळ्याले लई चाला."

कानबाई बोळवली आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या जावेच्या मुलानं जीप काढली. डॉक्टरनं विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? तेव्हापासून दर महिन्याच्या इंजेक्शनला भावकीतलं एकेक घर पाळीनं सोबत येतं. धाकटीचा नवरासुद्धा येतो. दवाखान्यातल्या निंबाखाली गोपालजवळ बसतो.

तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. अजून काही दिवस भिंतीशी बोलण्यातच जातात. होळीला घरातून गेला, दोन दिवसांनी दोंडाईच्याच्या स्टेशनावर सापडला. पण शोधायला मी एकटी नव्हते. आक्का मागच्या थंडीत गेली. गोपालच्या घोट्यावरचा वळ काही जात नाही. तेल लावताना तिथं माझी बोटं थांबतात. त्याची माफी कशी मागायची, ते मला येत नाही.

आधी मी कानबाईला म्हणायचे, माझं पोरगं होतं तसं परत दे. आता तो सुपात मूठ घालतो तेव्हा मी मागं बसते आणि एवढंच म्हणते, आई, याला मोजून घे. बाकी तुझं तू बघ.