पेरेसच्या दारातून परतलेला झडोक

पहाटे सरोवरावर धुकं असं उतरायचं, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. आम्ही जाळी ओढून परतायचो तेव्हा काठावरच्या बायका आधी दिसायच्याच नाहीत, नुसत्या हाका यायच्या. मग कमरेएवढ्या पाण्यात टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या त्या हळूहळू धुक्यातून उमटायच्या. आमच्या काठावर जाबोयाचा रिवाज आहे. कोळी ज्या बाईला आधी मासे देतो, तिने त्याच्या अंथरुणावरही यायचं. कुणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं.

झडोक माझा होडीतला जोडीदार. रविवारी दुपारी आंब्याखाली आमची बंधुसभा भरते, तिथे उभं राहून आपलं पाप आपणच सांगायचं असतं. झडोककडे सांगायला कधी काही नसायचंच. मला त्याचा रागच यायचा. इतका सोवळा माणूस शेजारी बसला की आपली शिवी घशातच अडकते.

त्या वर्षी त्याची बायको मिलका आजारी आईकडे गेली ती चार महिने परतली नाही. त्याच सुमारास पेरेस काठावर आली. विधवा, तीन पोरांची आई. हाक अशी मारायची की वल्हं हातातच थांबावं. झडोक तिला मासे देऊ लागला आणि वल्हवता वल्हवता हरवू लागला.

"काय रे, झोपलास का?"

"ओगुटू, ती स्वप्नात येते. जागा झालो तरी जात नाही. पाण्यावरसुद्धा तीच."

"मग प्रार्थना कर."

"करतो ना! प्रार्थनेतही येते."

मी खो खो हसलो. आता त्याचं वाईट वाटतं.

एका सकाळी ती म्हणाली, "भिजलायस रे. घरी चल, चहा टाकते." तो तिच्यामागून निघाला. ओली पायवाट, धुकं, तिच्या टोपलीतून ठिबकणारं पाणी. आपण चालतोय की तरंगतोय तेच समजत नव्हतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. ती आत गेली, दारातला पडदा हलला. त्याने चौकटीला हात टेकला, "येशू, मला ने इथून," एवढंच म्हणाला आणि पळत सुटला. सरळ सरोवरात शिरला, गळ्यापर्यंत.

रविवारी तो सभेत उभा राहिला. नाव न घेता सगळं सांगितलं. "प्रभूने मला राखलं!" लोक गाऊ लागले.

तेवढ्यात मागून पेरेस उठली. "ते दार माझं होतं."

गाणं थांबलं.

"पळालास ते बरंच केलंस. मलाही नको होतं ते. पण त्या दिवसापासून तू मला एक मासा दिला नाहीस. मान खाली घालतोस आणि दुसरीची टोपली भरतोस. तुझा आत्मा राखला गेला, भाऊ. माझी पोरं माशाविना नुसते उगालीचे, मक्याच्या पिठाचे, गोळे गिळतायत. मोह तुझा, मग उपाशी आम्ही का?"

झडोकने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बहिणी, उद्यापासून तुला मासे मिळतील. त्याबदल्यात काही नको," तो म्हणाला. "आणि माझं खरं पाप मी अजून सांगितलंच नाही. तुझ्या पोरांची नावं काय?"

चार महिने तिला स्वप्नात पाहिलेल्या माणसाला तिच्या पोरांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती.