विसाव्याला सोडलेला माणूस

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातांना घोड्याचा वास येतो. साबण कुठलाही आणा, तो जात नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि मी नकळत मागे सरकले. त्या हसल्या. "अगं, घाबरू नकोस, लाथ नाही मारत मी." पुढे कळलं की ते काही तितकंसं खरं नव्हतं.

वस्तीच्या टोकाला एक कारखाना आहे. तिथे सर्पदंशावरचं औषध तयार होतं, आणि ते निघतं घोड्यांच्या रक्तातून. घोड्याला आधी विषाचा अगदी थेंब टोचायचा, मग थोडा जास्त, मग आणखी थोडा. असं करत करत एक वेळ अशी येते की नवखा घोडा जागेवर कोसळेल एवढं विष हा सहज पचवतो आणि वर दाणे मागतो. त्याच्या रक्तात आलेली ती ताकद काढून, गाळून बाटलीत भरतात. जाऊबाई त्या पागेत कामाला. दाणापाणी बघायचं, खरारा करायचा, सुई टोचताना घोड्याची मान छातीशी धरून उभं राहायचं. आमचे थोरले दीर त्याच आवारात, सापांच्या खोलीत. सापाचा जबडा दाबून विष काढून घ्यायचं हे त्यांचं काम. "हे काढतात आणि मी पचवायला लावते," जाऊबाई म्हणायच्या. "आमचा संसार विषावर चाललाय, पण आहे मात्र गोड."

त्या दिवशी भाऊजींच्या अंगठ्याला साप डसला, तेव्हा म्हणूनच कोणी फारसं घाबरलं नाही. पोहणाऱ्याने आपल्याच विहिरीला काय घाबरायचं? औषधाचं कपाट तिथेच होतं. किल्ल्या स्टोअरकीपरकडे. कमरेला जुडगा अडकवून तो खुळखुळवत फिरायचा, म्हणून सगळे त्याला किल्लीसाहेब म्हणत. भाऊजींचा जुना दोस्त, आमच्या पंक्तीला कितीदा जेवलेला. त्याने कपाट उघडलं, बाटल्या काढून डॉक्टरांच्या हातात दिल्या. डॉक्टर एकामागून एक बाटली चढवत राहिले आणि भाऊजी गेले.

चौकशीत उघड झालं की कपाटातला माल मुदत संपून केव्हाच मेलेला होता. वर नवी लेबलं चिकटवलेली. ताजं औषध मागच्या दाराने बाहेर विकलं जात होतं. कारखान्याचे मोठे साहेब पकडले गेले, किल्लीसाहेबही पकडला गेला. पण मोठ्या साहेबांनी कुठेही आपलं बोट उमटू दिलं नव्हतं. आतला कोणीतरी बोलल्याशिवाय ते अडकणार नव्हते. मग किल्लीसाहेब बोलला. लेबलं मी माझ्या हाताने लावली, साहेबांच्या हुकमावरून लावली, असा जबाब देऊन तो माफीचा साक्षीदार झाला. कोर्टाने त्याला माफी दिली. आता हेच पुन्हा खटल्यात सांगायचं, की साहेब आत आणि हा घरी.

घर म्हणजे आमच्याच गल्लीत, नळाच्या पलीकडे; खटला उभा राहीपर्यंत तो जामिनावर तिथेच राहत होता.

मला जाऊबाईंचं रडणं फार आठवत नाही. त्यांचं नळावरचं बोलणं आठवतं. तो बादली घेऊन आला की त्या हमखास म्हणायच्या, "सरका गं, वाट द्या. माफीचा जावई आला." तो मान खाली घालायचा. भाऊजींचे गुडघ्यापर्यंतचे जाड चामडी बूट जाऊबाईंनी आमच्या पायरीवर ठेवले होते, टाचा घराकडे, चवडे गल्लीकडे. दर रविवारी त्या बुटांना पॉलिश करत. किल्लीसाहेब समोरच्या भिंतीला घासून जायचा, आता नुसत्या घरच्या किल्ल्या उरलेला जुडगा मुठीत आवळून. किल्ल्यांचा आवाजच बंद झाला होता.

एकदा आम्ही दोघी सरकारी वकीलबाईंकडे गेलो. जाऊबाईंनी आडवळण न घेता विचारलं, "बाटल्या मेलेल्या आहेत हे तेव्हा तिथे एकट्या त्यालाच माहीत होतं. तरी त्याने त्या काढून दिल्या. माझ्या देखत. त्याला कधीच काही होणार नाही का?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "माफी काही फुकट नसते हो. सगळं खरं सांगेन, स्वतःचंही काही लपवणार नाही, या अटीवर असते. कोर्टात फिरला, आपला हात झाकला, की माफी गेली. मग तोही आरोपी. पण तो फिरेल असं नका धरून बसू. फार घाबरलाय तो. घाबरलेला माणूस पोपटासारखा पाठ म्हणतो."

येताना जाऊबाई भराभर चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "अगं, त्याला रोज डोस तर मीच देतेय की!"

मला कळेना. तशा त्या पांढरीबद्दल सांगू लागल्या. पांढरी ही त्यांची लाडकी घोडी. रक्त दिलेल्या घोड्यांना काही महिने विसाव्याला सोडतात. त्या काळात सुई नाही, काम नाही, नुसतं चरायचं. घोडं तुकतुकीत होतं, पण रक्तातली ताकद हळूहळू उतरत जाते, आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून विसाव्याहून परतलेल्याला वेगळ्या रांगेत बांधायचं आणि पुन्हा थेंबापासून सुरुवात करायची. जाऊबाईंनी एकदा घाईत पांढरीला चुकून कामाच्या घोड्यांच्या रांगेत बांधलं. तिला इतरांसारखा पुरा डोस टोचला गेला. "आधी मान झुकली, मग गुडघे टेकले. माझ्याकडे बघत होती गं. वाचली, पण पुन्हा कामाची राहिली नाही." मग नळाकडे बघत म्हणाल्या, "हा पायरीवरचे बूट बघतो, माझे शब्द खातो, म्हणून जागा राहतो. आता याला सोडायचं विसाव्याला."

दुसऱ्या दिवशी बूट आत आले. नळावर जाऊबाई म्हणाल्या, "काय साहेब, बरं आहे ना? भरून घ्या तुम्ही आधी." किल्लीसाहेबाच्या हातून बादली निसटली, अर्धं पाणी माझ्या पायावर.

महिने गेले. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "वहिनींचं मन मोठं. माफ केलं त्यांनी." जाऊबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "हो का? केलं का मी? बरं झालं सांगितलंत."

किल्लीसाहेब मात्र अंगाने भरला. जुडगा पुन्हा खुळखुळायला लागला. न्हाव्याच्या खुर्चीत बसून तो गोष्टी सांगू लागला. सुरुवातीच्या गोष्टीत तो बिचारा हुकमाचा ताबेदार होता. पुढे पुढे तो साहेबांना अडवू लागला, आणि शेवटी तर साहेबांचं बिंग त्यानेच फोडलं. लेबलं मधल्यामध्ये कुठे गळून पडली, त्यालाही कळलं नसावं. मुलीचं लग्न जमलं तेही याच गोष्टीवर. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका. प्रामाणिक माणसाची मुलगी मिळाली म्हणून खूश.

ही बातमी मुलगी स्वतः सांगायला आली. गुणी पोर. जाऊबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "सासूबाई कशा आहेत गं?"

"कडक आहेत काकू. खोटं अजिबात खपवून घेत नाहीत."

"छान," जाऊबाई म्हणाल्या. "असंच माणूस हवं."

साक्षीच्या आधी दोन दिवस जाऊबाई मला घेऊन त्या मुख्याध्यापिकेच्या घरी गेल्या. चहा घेतला, बागेचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "परवा तुमच्या व्याह्यांची साक्ष आहे. माझ्या नवऱ्याचाच खटला. सगळं खरं सांगणार आहेत म्हणे. ऐकायला या ना. पुढच्या बाकावर जागा धरते मी." यात खोटा शब्द एकही नव्हता.

रस्त्यात मी म्हटलं, "ताई, त्या पोरीचं काय?"

"तो खरं बोलला तर तिच्या केसालाही धक्का लागत नाही. 'चुकलो, लेबलं मी लावली' एवढंच तर म्हणायचंय." थोडं चालून त्या म्हणाल्या, "आणि माझं काय, हे त्याने कपाट उघडताना विचारलं होतं का?"

कोर्टात किल्लीसाहेब नवा सदरा घालून आला. पिंजऱ्यात चढला, समोर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुढच्या बाकावर होणारे व्याही, विहीण, जावई आणि त्यांच्या शेजारी आमच्या जाऊबाई. त्यांनी त्याला मान हलवून नमस्कारसुद्धा केला.

वकीलबाईंनी विचारलं, "बाटल्यांवर नवी लेबलं कोणी चिकटवली?"

उत्तर एका अक्षराचं होतं. त्याचा हात कमरेकडे गेला, पण किल्ल्या दारावर काढून घेतलेल्या. त्याने पुढच्या बाकाकडे बघितलं. मुख्याध्यापिका पाठ ताठ करून ऐकत होत्या.

"साहेबांनी," तो म्हणाला. "मी त्या दिवशी रजेवर होतो."

वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. जुना जबाब वाचून दाखवला. तो म्हणाला, तो जबाब दमदाटीने घेतलेला आहे, माझा हात लेबलाला लागलेलाच नाही. आवाज चढत गेला, घाम गळत गेला. शेजारी जाऊबाईंचे हात मांडीवर होते, सुईच्या वेळी घोड्याची मान धरतात तसे, घट्ट.

बाहेर वकीलबाईंनी त्यांना गाठलं. त्या संतापल्या होत्या. "ती माणसं तुम्ही आणलीत ना? कळतंय का काय केलंत? त्याची माफी जाईल, मी आजच अर्ज देतेय. पण आता मोठा साहेब सुटूही शकतो!"

"सुटू दे," जाऊबाई म्हणाल्या. "तो माझ्या हातचं कधी जेवला नव्हता."

माफी गेली. किल्लीसाहेबावर खटला उभा राहिला, त्याच कलमांखाली, वर खोट्या साक्षीचं वेगळं. लग्न तर कोर्टाच्या पायऱ्यांवरच मोडलं होतं.

एका संध्याकाळी ती मुलगी आमच्या दाराशी आली. आत येईना. "काकू, त्यांना तुम्हीच बोलावलंत ना?"

"हो. खरं ऐकायला बोलावलं होतं."

"मला वाटलं होतं, तुम्ही माफ केलंत आम्हाला."

"तुला मी धरलंच कधी होतं, की सोडू?" जाऊबाईंचा आवाज मऊ होता. "बापाला माफी मिळाली होती, बाळा. मी नव्हती दिली, कोर्टाने दिली होती. ती त्याला सांभाळता आली नाही."

मुलगी वळली आणि नळावरून धावत गेली. जाऊबाई आत गेल्या. मला वाटलं, आता तरी रडतील. त्या बूट घेऊन बाहेर आल्या. पायरीवर बसून कितीतरी वेळ पॉलिश करत राहिल्या, आणि मग ठेवले, पहिल्यासारखेच, चवडे गल्लीकडे.