रिकाम्या क्वार्टरचा महिना

सिल्वासाच्या सरकारी क्वार्टरमध्ये बायडाबाईने नऊ वर्षं वासंतीबाईंची धुणीभांडी, केरफरशी केली. एवढ्या वर्षांत त्या घरात ती टेकली ती फक्त मोरीपाशी, भांडी घासायला. १९९१च्या उन्हाळ्यात वासंतीबाईंच्या यजमानांची दमणला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा बाईंनी तिच्या हातावर एका महिन्याचा पगार जास्तीचा ठेवला. काम अचानक सुटतंय, म्हणून हे नोटिशीच्या महिन्याचे पैसे, असं समजावलं. नव्या लोकांना द्यायची किल्लीही तिच्याकडेच सोपवली.

बायडाबाई शिंदखेड्याकडची. "मले बिनकामाचा पैसा पचत नही, बाई," ती म्हणाली. वासंतीबाई हसल्या आणि ट्रक हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ही आपली क्वार्टरवर हजर. ते कळलं तेव्हा आमली वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत लेक रोशनीने कपाळावर हात मारला. ती खडोलीच्या कारखान्यात जायची, तिला नोटीस ठाऊक होती. हा महिना दुसरं काम शोधायला असतो, झाडायला नव्हे, आणि काम मिळालं नाही तर खोलीचं भाडं आपल्या एकटीच्या पगारात भागायचं नाही, असं तिने बजावलं. खरंच होतं ते. पण सांगणार कोणाला? पगार घेतला की महिना भरायचा, एवढंच बायडाबाईला कळत होतं.

चार दिवस तिने इमानाने झाडलं, पुसलं. पण रिकाम्या घरात केर तरी किती पडणार? पाचव्या दिवशी फरशी वाळेपर्यंत म्हणून ती मधल्या खोलीत खिडकीखाली बसली, ती बसूनच राहिली. बाहेरच्या गुलमोहराची सावली ओल्या फरशीवरून हळूहळू सरकत होती. कुणी हाक मारत नव्हतं. मग ते रोजचंच झालं. अर्धे डोळे मिटून ती घर मांडायची. इथे पलंग, तिथे देव, त्या कोपऱ्यात पुढेमागे रोशनीचं बाळंतपण. फार सुख वाटायचं तिला. पलीकडच्या बिल्डिंगमधलं काम तेवढ्यात चंदा नावाच्या दुसऱ्या कामवालीने पटकावलं, तरी हिला पत्ता नाही.

तिसाव्या दिवशी दारात टेम्पो थांबला. नव्या साहेबांची बायको मृणाल आत आली. लख्ख घर आणि खिडकीपाशी वासंतीबाईंच्या जुन्या साडीत बसलेली बाई पाहून बिचारी ओशाळली. "तुमचं सामान निघायचंय का अजून? आम्ही लवकर आलो वाटतं."

बायडाबाई उठली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, पण खरं सांगायला जीभ रेटेना.

"निंघलं समदं," ती म्हणाली.

मृणालला हायसं वाटलं. इथे कामाला चांगली बाई मिळेल का, असं तिने विचारलं. हो म्हणावं तर पुन्हा मोरी, नाही म्हणावं तर भाडं थकणार. बायडाबाईने एकवार खोलीभर नजर फिरवली.

"हाये एक. पन काढायची झाली तं महिनाभर आधी सांगावं लागीन तिले."

"सांगू की. कुठे असते ती?"

बायडाबाईने पदर कमरेला खोचला आणि टेम्पोतली भांडी उतरवायला गेली.