कुंभारिणीच्या मागचा हात

मार्च महिन्यात एका मंगळवारी नाना गेले. सकाळी दवाखान्यातून फोन आला. दुपारी आम्ही अंबरपेठच्या स्मशानात होतो. संध्याकाळी मी घरी आले आणि दार लावून घेतलं.

नाना म्हणजे माझे वडील. मी त्यांची थोरली मुलगी, लग्न न केलेली, एका कॉलेजात ग्रंथपाल होते. धाकटा भाऊ श्रीकांत कुकटपल्लीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो मला अक्का म्हणतो.

असे अनुभव छापून येतात ते मी कित्येक वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर खोट काढायलाच. हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा... वाचताना हेच डोक्यात असतं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता आहे, असंही म्हणवत नाही. जे घडलं त्याचा संशय मी आधी माणसांवर घेतला आणि तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर अंबरपेठच्या बाजारामागच्या गल्लीत, दोन मजली. वर गच्ची. गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याशी ड्रममध्ये लावलेलं लिंबू, शेजारी कढीपत्ता, जास्वंद, आणि जाळीवर चढलेली गोकर्ण. नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर उन्हाळाभर सकाळी तिथेच असायचे, कॅमेरा घेऊन. त्यांना जंगलाबिंगलाचा सोस नव्हता. लिंबाच्या पानावरची, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी, जास्वंदीत डोकं खुपसलेला इवलासा शिंजीर पक्षी, गोकर्णीच्या वेलावर लपून बसलेला नाकतोडा. "लोक वाघ बघायला ताडोबाला जातात," ते म्हणायचे, "आपला वाघ कढीपत्त्यावर आहे, आणि तिकीट नाही."

त्यांची एक पद्धत होती, ती इथे नीट सांगायला हवी. एप्रिलमध्ये आमच्याकडे ऊन लवकर पांढरं होतं, आणि गल्लीपलीकडच्या गच्चीवर शेजाऱ्यांची निळी पाण्याची टाकी आहे. फुलाचा फोटो काढला की मागे ती टाकी उन्हात जळून यायची. म्हणून नाना कॅमेरा छोट्या स्टँडवर लावत, उजव्या हातानं बटण दाबत आणि डावा हात पुढे नेऊन, वळवून, तळवा फुलाच्या मागे धरत. तळवा धूसर येई. मागे नुसता एक शांत गव्हाळ रंग. त्याला आम्ही नानांची पाटी म्हणायचो. नीट पाहिलं तर त्या रंगात खाली एक वाकडी रेघ दिसायची, ती त्यांची करंगळी. तरुणपणी स्कूटरवरून पडल्यापासून ती सरळ होत नव्हती. श्रीकांत म्हणायचा, "नानांना फोटोवर सही करायची गरजच नाही."

शेवटच्या वर्षी त्यांचा डावा हात लुळा पडला. त्या उन्हाळ्यात पाटी मी धरली.

"तुझ्या हातावर रेषा फार आहेत गं," ते म्हणायचे. "मागे गर्दी होते."

"मग दुसरी मुलगी बघा."

"आता कुठे बघू? जरा मागे घे. हं... हलू नको."

नाना गेल्यावर पहिली अक्षय तृतीया आली. नांदेडहून आत्याचा फोन आला, की त्याच्या नावानं पाण्याचं मडकं दे. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचं मडकं भरून दान देतात, उन्हाळ्यात त्याला पाणी मिळावं म्हणून. मला त्यात राम वाटत नाही, पण आत्याशी वाद घालायची ताकद नव्हती. मी रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईकडून एक मडकं आणलं, भरलं. गुरुजींना त्या दिवशी लग्नं होती. "उद्या येतो" म्हणाले आणि आलेच नाहीत. मडकं द्यायचं राहून गेलं. मी ते उचलून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, चिमण्यांना होईल म्हणून, आणि रोज भरत राहिले.

मडकं पाझरायचं. कठड्यावरून ओघळ खाली लिंबाच्या ड्रममध्ये जाई आणि तिथली माती ओली राही. काही दिवसांनी तिथे एक कुंभारीण यायला लागली. भिंतीवर मातीची घरटी करणारी ती बारीक कमरेची माशी, तीच. ओली माती तोंडात घ्यायची, मडक्याच्या काठावर टेकायची, मग उडून जायची.

त्याच सुमारास श्रीकांतनं घराचा विषय काढला. घर बिल्डरला द्यायचं, त्यानं तिथे फ्लॅट बांधायचे, आम्हाला त्यातले दोन. "अक्का, तू एकटी या घरात काय करणार? छत गळतंय, वायरिंग गेलंय." त्याचं चूक नव्हतं. मी "बघू" म्हणत होते.

एका रविवारी सकाळी तो बिल्डरचे कागद घेऊन आला. मला खाली बसून ते वाचवेनात. मी नानांचा कॅमेरा काढला आणि गच्चीवर गेले, झाडांचे चार फोटो काढून ठेवावेत म्हणून. श्रीकांत मागून वर आला आणि जिन्याच्या दाराशी फोनवर बोलत उभा राहिला. स्टँड मला लावता आला नाही. कॅमेरा दोन्ही हातांत धरून मी लिंबाचे, गोकर्णीचे आणि मडक्यावर टेकलेल्या कुंभारिणीचे फोटो घेतले. लेन्स जड आहे, एका हातानं मला ती धरवतही नाही.

दुपारी श्रीकांत गेल्यावर फोटो कॉम्प्युटरवर टाकले. कुंभारिणीचे सगळे वाया गेले होते. मागे टाकी, पांढरी आणि निळी, जळलेली. एक सोडून. त्या एकात माशी स्वच्छ होती, पायाचे केससुद्धा दिसत होते, मडक्याचा काठ होता, आणि मागे गव्हाळ रंग. खाली वाकडी रेघ.

मी घाबरले नाही. मला राग आला. पहिला विचार हाच, की श्रीकांत.

जुना फोटो तर असू शकत नव्हता. ते मडकं नाना असताना घरात नव्हतंच. तेव्हा कुणीतरी बनवला. हल्ली फोनवरसुद्धा काय काय बनवता येतं, आणि त्याचा तर तो धंदा. मला घाबरवून घराबाहेर काढायचं... माझ्याच भावाबद्दल हे मनात आलं आणि मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन कोठीच्या बाजारात गेले. तिथे एका बोळात नानांचा कॅमेरा दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी कार्ड लावलं, बराच वेळ काहीतरी उघडून बघितलं.

"फाइल में तो कुछ गडबड नई दिख री मॅडम. आगे-पीछे के नंबर बी बराबर हैं."

"किसीने बदला होगा?"

"मेरेकू तो नई लगता. अब ये हाथ किसका बीच में आ रा?"

"पिताजी का."

"तो उनकू बोलो ना, हाथ हटाके खडे हो. इत्ता अच्छा फोटो..." तेवढ्यात त्यांना आठवलं असावं, मीच त्यांना मार्चमध्ये फोनवर कळवलं होतं. त्यांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "नक्को मॅडम. मेरेकू नक्को पूछो. मैं बस मशीन देखता."

मग मी श्रीकांतला बोलावलं. तो आला, स्क्रीनसमोर बसला, फोटो मोठा करून पाहिला.

"हे मला का दाखवतेस?"

"तू सांग."

"म्हणजे मी केलं?"

"तू गच्चीवर होतास."

"अक्का, जरा डोकं चालव." तो हळू बोलत होता, आणि त्यानंच जास्त लागत होतं. "मला घर द्यायचंय. तुला नाही द्यायचं. नानांचा हात अजून गच्चीवर आहे, असा फोटो निघाला तर तो कुणाच्या कामाचा? माझ्या?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते, तसाच तो माझ्याकडे बघत होता... तपासून.

"तुझाच हात असेल," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तूच धरायचीस ना?"

"माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. आणि करंगळी?"

"चल, बघू."

ऊन तापलं होतं तरी आम्ही वर गेलो. मी दोन्ही हातांत कॅमेरा धरून मडक्यासमोर उभी राहिले. कठड्यापलीकडे गल्ली, तिकडून हात यायची सोय नाही. फोटोत हात डावीकडून, माझ्याच बाजूनं आला होता. श्रीकांत माझ्या डावीकडे आला आणि हात लांबवून मडक्याच्या मागे धरला. पोचेना. तो आणखी जवळ सरकला. शेवटी त्याचा खांदा माझ्या खांद्यावर दाबला गेला, त्याचा श्वास माझ्या कानाशी आला, तेव्हा कुठे तळवा चौकटीत बरोबर बसला.

आम्ही दोघंही तसेच थांबलो. तसा फोटो यायचा तर कुणीतरी मला इतकं खेटून उभं असायला हवं होतं. मला काहीच जाणवलं नव्हतं.

"त्या दिवशी मी दारातच होतो," श्रीकांत म्हणाला. "तू एकटी होतीस."

खाली आल्यावर त्यानं पाणी घेतलं आणि म्हणाला, "अक्का, तू केलं असशील तर सांग. मी रागावणार नाही. खरंच. नाना मलाही..."

तेव्हा मला समजलं, की मी हो म्हणावं अशी त्याची फार इच्छा होती. तो हो म्हणाला असता तर मलाही हवंच होतं. दोघांपैकी कुणीतरी खोटारडं निघालं असतं तर आम्ही भांडून मोकळे झालो असतो.

आत्याला मी फोटोचं सांगितलं नाही, फक्त मडकं द्यायचं राहिलं एवढं सांगितलं. ती म्हणाली, "घरातच ठेवलंस? अगं, ते त्याचं होतं. दिलं की तो पाणी घेऊन पुढे जातो. ठेवून घेतलंस तर तो तरी कुठे जाईल?" मी म्हटलं, आत्या, असं काही नसतं. तिनं फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसात गेलो. मी ठरवून गेले होते, सही करायची. घर सोडवत नव्हतं. पण मी सही टाळली असती तर श्रीकांतच्या मनात तो फोटो कायमचा माझा झाला असता, आणि मला आता एक भाऊच उरला आहे. मी सही केली आणि पेन त्याच्याकडे सरकवलं.

त्यानं ते घेतलं आणि धरून बसला.

"थांबायचं का अजून?" तो हळूच म्हणाला. "नानांना नको असलं तर?"

"म्हणजे तू मानतोस?"

"नाही."

"मग सही कर."

त्यानं केली. बाहेर आल्यावर गाडीत म्हणाला, "तू इतक्या सहज करशील असं वाटलं नव्हतं." त्यात कौतुक होतं की नवा संशय, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मडकं शेवटी गल्लीतल्या देवळात नेऊन दिलं. त्यानंतर घर सोडेपर्यंत मी रोज फोटो काढले. सगळ्यांत टाकीच आली.

यावर जे जे शक्य आहे ते माझं स्वतःला विचारून झालं आहे. डोळ्यांना भास झाला म्हणावं तर तो हात श्रीकांतनंही पाहिला, कोठीच्या गृहस्थांनीही पाहिला. कुणी बनवला म्हणावं तर कुणाला आणि कशासाठी, हे जमत नाही. उत्तर माझ्याकडे नाही. कुणाला काही सुचलं तर कळवा, पण कृपा करून समजूत घालू नका.

घर आता पाडलं आहे. मी कुकटपल्लीला श्रीकांतच्या घराजवळ भाड्यानं राहते. रविवारी आम्ही एकत्र जेवतो, आणि फोटोचा विषय दोघंही काढत नाही.